बिनरंगाचा पाचवा

“बाबा, एका माणसापायी चौघांचा रंग बिघडत असेल, तर त्याला ठेवावं की काढावं?”

सोमगीर बाबांनी मान वर केली नाही. मठाच्या अंगणात ते घमेल्यात गेरू कालवत बसले होते. सणाआधी सगळ्या साधूंची वस्त्रं महंतांनी स्वतः रंगवायची, अशी तिथली रीत, आणि महंत म्हणजे बाबाच. त्यांच्या अंगावरचं वस्त्र मात्र धुऊन धुऊन विटलं होतं. त्याची पाळी सगळ्यांत शेवटी.

“कुठला रंग?”

“केशरी.”

“आणि माणूस?”

शर्वरी अडखळली. लहानपणी ती आईबरोबर मठात यायची, तेव्हापासून बाबांना काहीही विचारायची. पण ऑनलाइन खेळाचं गाऱ्हाणं घेऊन ती पहिल्यांदाच आली होती. तरी तिनं सांगितलं. संगणकावरचा खेळ. त्यात प्रत्येकाचं एक पात्र असतं. तिची पाच जणांची टोळी आहे आणि ती त्या टोळीची म्होरकी. रानं तुडवायची, राक्षस मारायचे. उद्या तिथं उत्सवाची मिरवणूक आहे. ज्या टोळीचा पेहराव सगळ्यांत देखणा, तिचं निशाण वर्षभर राजवाड्यावर फडकणार.

“राक्षस मारायला देखणा पेहराव लागतो?”

“लागतो, बाबा.”

हे ती गंभीरपणेच म्हणाली. रंगांच्या बाबतीत तिला थट्टा खपत नसे. केशरी अंगरखा आणि त्यावर गडद निळा शेला, ही जोडी तिनं बरंच डोकं खपवून ठरवली होती. आपल्यासारखी नजर त्या अख्ख्या खेळात कुणाला नाही, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

“आम्ही चौघं केशरी आहोत. पाचवा अजून पहिल्या दिवशी मिळालेल्या मळकट कपड्यांत फिरतो. कितीदा सांगितलं, नुसतं ‘बघू, बघू’ करतो. बाकीचे म्हणतात, काढून टाक त्याला. संध्याकाळपर्यंत नावं द्यायची आहेत.”

“नाव काय त्याचं?”

“खेळात फिरस्ता म्हणतात.”

“आणि घरी?”

“...माहीत नाही.”

बाबांनी एक वस्त्र गेरूत बुडवलं, वर काढलं आणि त्याचं टोक तिच्यापुढं धरलं. “धर.”

दोघांनी मिळून ते पिळलं. शर्वरीचे हात मनगटापर्यंत लाल झाले.

तेवढ्यात एक वयस्कर साधू आले. बाबांनी दोरीवरचं वाळलेलं वस्त्र त्यांच्या हाती दिलं. ते अंगावर घेण्याआधी साधू वाकले, बाबांच्या माखलेल्या हातांना त्यांनी कपाळ टेकवलं आणि मग गेले. ज्यानं रंगवलं त्याला नमस्कार केल्याशिवाय या मठात कुणी नवं वस्त्र नेसत नाही.

“तू कुणाला केलास?” बाबांनी विचारलं.

“काय?”

“नमस्कार. तुझ्या केशरीसाठी.”

शर्वरीला हसू आलं. “तिथं तसं नसतं, बाबा. टोळीची एक पेटी असते. तिच्यात रंगाच्या कुप्या असतात. हवी ती घ्यायची.”

“पेटीत कुठून येतात?”

“फुलांपासून करतात. डोंगरावर जाऊन एकेक फूल वेचायचं. फार किचकट काम. मला कुठला वेळ?”

“मग वेचतं कोण?”

“ते तिघं तर लढाईपुरतेच येतात...”

शर्वरी थांबली.

खेळात शिरलं की रोज डोंगरावर दिसणारी ती मळकट आकृती तिच्या डोळ्यांपुढं आली. वाकलेली. एकदा सगळ्यांसमोर तिनं टोमणाही मारला होता, ‘फुलं हुंगत काय बसलायस, लढायला ये.’ तो निमूट आला होता.

“बाबा... केशरी फूल क्वचितच सापडतं. पाच जणांना पुरेल एवढा रंग निघालाच नसेल.”

बाबांनी पिळलेलं वस्त्र झटकून दोरीवर टाकलं.

ज्याचं नावही ठाऊक नाही अशा माणसानं आपल्याला नटवलं, आणि आपण त्यालाच घालवायला निघालो होतो. तिला लाज वाटली. पण लाजेहून मोठं काहीतरी आत दाटून आलं. आपल्यासाठी कुणीतरी रोज त्या डोंगरावर वाकत होतं, या विचारानं तिचे डोळे भरले. तिनं लाल हात जोडले. कुणीकडं तोंड करून जोडावेत ते कळेना, म्हणून डोळे मिटून जोडले.

तिनं डोळे उघडल्यावर बाबा म्हणाले, “इतके दिवस सोबत होता. दिसला कसा नाही?”

“मी पुढं असते ना. पडद्यावर आपल्याला आपलीच पाठ दिसते आणि पुढचा रस्ता. मागून कोण येतंय ते दिसत नाही.”

“आपलीच पाठ?”

“हो.”

“केशरी?”

“...हो.”

बाबा हसले. शर्वरीही हसली, डोळे पुसायला गेली आणि गालावर गेरू ओढून बसली.

“त्याचं नाव मी देणारच,” ती म्हणाली. “येईल तो, त्याच कपड्यांत येईल. निशाण नाही मिळालं तर नाही. पण सांगा बाबा, मिरवणुकीत त्याला कुठं उभा करू?”

बाबांनी पुढचं वस्त्र घमेल्यात सोडलं.

“तो राहील कुठंही,” ते म्हणाले. “तू मागं उभी राहा.”