राईच्या काठाचा किडा

"म्हंजे आत न्हाईच म्हणता?"

राघू गुरवाने तिसऱ्यांदा तेच विचारलं.

पाटणकर मास्तर दमले होते. "नाही हो बाबा. किती वेळा सांगू? आत नाही. काठाकाठानेच राहतो तो."

तो म्हणजे किडा. तांदळाच्या दाण्याएवढा, काळा-तांबडा. पंख असे आखूड, की वाढत्या पोराला मागल्या वर्षीचं झबलं घातल्यासारखे. अर्धं पोट उघडंच. डिवचला की विंचवासारखं शेपूट उभारतो. नांगी नाही, काही नाही, नुसता रुबाब. रानातल्या कुजक्या पाल्यात त्याचा संसार. कॉलेजात शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याच्यापायी तीन वर्षं घातली, एकेचाळीस देवराया पालथ्या घातल्या, होते नव्हते ते केस घालवले.

आणि पहिला किडा त्यांना दाखवला तो या राघूबाबानेच, वाघजाईच्या या राईच्या तोंडाशी. "मला रान शिकवलं ते बाबांनी," असं मास्तर चारचौघांत सांगत. पण आताशा शिकणाऱ्यासारखं नव्हे, शिकून झालेल्यासारखं सांगत.

राईच्या पोटात बेहड्याचा जुना वृक्ष आडवा पडून वर्षानुवर्षं कुजत होता. गावाला तो उचलून, आजूबाजूची झाडं काढून, तिथे मंडप घालायचा होता. मास्तरांनी कागद करून दिला होता: हे जीव राईच्या काठाला राहतात, आत राहत नाहीत, आतलं साफ केलं तर त्यांचं काही बिघडत नाही. उद्या सकाळी गावची सभा. राईचा पुजारी म्हणून राघूबाबाचा अंगठा तेवढा राहिला होता.

म्हाताऱ्याने अंगठा शाईत बुडवला... आणि तसाच वर धरून बसला.

"करा बाबा. शाई वाळेल."

"वाळू द्या. तुमचा तो नकाशा दावा की जरा."

मास्तरांनी उसासा टाकला. देवळाच्या पायरीवर नकाशा उलगडला. चारशेच्या वर लाल ठिपके. हा कागद बघून मोठमोठ्या विद्वानांनी त्यांची पाठ थोपटली होती.

म्हाताऱ्याने दुसऱ्या हाताचं बोट पुढे केलं.

"ही तांबडी टिकली म्हंजे किडा?"

"सापडला ती जागा."

"आन् ही रेघ?"

"गाडीरस्ता."

"ही बारकी?"

"पायवाट."

बोट रेघेवरून हळूहळू चाललं. टिकली, टिकली, टिकली...

"लई शाणं जनावर. रस्ता सोडून बिऱ्हाड करीत न्हाई. यष्टीची वाट बघत बसतंय काय?"

मास्तर हसले. मग हसू अर्ध्यावरच राहिलं.

"राईत किती आत गेला व्हता, मास्तर?"

"आत म्हणजे... त्या उभ्या दगडापर्यंत."

"आन् फुडं?"

"पुढे पायातलं काढून जायचं ना. तुमचाच नेम. तो मोडायचा कसा?"

"न्हाई मोडला, ब्येस केलं. मग काढायचं की पायातलं."

मास्तरांनी आपल्या बुटांकडे बघितलं.

"... जळवा असतात बाबा. काटे असतात. फुरसं असतं."

बोलून गेले, आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. एकेचाळीस राया. दर राईत एक उभा दगड, नाहीतर एक पायरी, नाहीतर बांगड्या बांधलेलं झाड, जिथून पुढे अनवाणी जायचं. दर ठिकाणी मास्तरांनी अलीकडूनच हात जोडले, अलीकडचाच पाला चाळला, आणि देवाचा मान राखला म्हणून वर स्वतःवर खूशही झाले. ठिपके पडले होते ते त्यांचे बूट जिथवर गेले तिथवरच.

"पण पहिला किडा तुम्ही मला दगडाच्या अलीकडेच दाखवलात!"

"बूट व्हते तुमच्या पायांत."

राईत कुठेतरी वाळकी फांदी मोडून पडली. दोघांनीही मान वर केली नाही.

"आणि... आत?" मास्तरांनी विचारलं.

म्हाताऱ्याने आपला उजवा पाय पायरीवर ठेवला. भेगाळलेला, बोटांच्या बेचक्यात काळी माती.

"ह्याच्यावरनं जातो रोज. शेपूट वर करून, पाटलासारखा. बेहड्यापाशी तर पाऊल ठेवायला जागा देत न्हाईत."

"तीन वर्षांत एकदा बोलला असतात तर..."

"तुमी सांगत व्हता, मास्तर. मी ऐकत व्हतो."

असं म्हणून त्याने अंगठ्याची शाई धोतराला पुसून टाकली.

मास्तरांचा थकवा पायांत नव्हता, पुरता आत उतरला होता. उद्या सभेपुढे उभं राहायचं. ज्या कागदाच्या जोरावर कुऱ्हाडी निघणार, तो आपल्याच हातचा. तो मागे घ्यावा तर तीन वर्षांची अब्रू जाते. नाही घ्यावा, तर राई.

त्यांनी आधी सभेसाठी केलेला कागद फाडला. मग नकाशा उचलला आणि दोन्ही हातांनी ताणला.

म्हाताऱ्याने मनगट धरलं.

"ह्यो का फाडता?"

"खोटा आहे बाबा. मग उद्या लोकांपुढे ठेवू तरी काय?"

"ह्योच ठेवा... वर ठळक काय लिवलंय?"

"'किड्याची वस्ती.'"

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. उठताना कण्हला. राईकडे चार पावलं गेला, आणि मागे न बघताच बोलला,

"नकाशा खोटा न्हाई, मास्तर. नाव तेवढं बदला."