सुजेला खोडा

'खोडा' हा शब्द आज आपण केवळ कामातल्या अडथळ्यासाठी वापरतो. मुळात खोडा म्हणजे जाड लाकडाच्या दोन फळ्या. दोन्ही फळ्यांच्या कडांना अर्धगोल खाचा असतात. फळ्या एकमेकींवर बसवल्या की पुरते भोक तयार होते आणि त्यात अपराध्याचा घोटा अडकतो. मग पाय ना पुढे सरकत, ना मागे. ही वस्तू डोळ्यांसमोर ठेवावी. पुढचे सारे तिच्यावरच बसवलेले आहे.

धामणगडचे राजे रणधवल गडाच्या पायऱ्या उतरताना घसरले आणि त्यांचा उजवा पाय मुरगळला. अर्थात, दरबारात असे कोणी म्हटले नाही. प्रधानजी म्हणाले, "भूमीचा तोल गेला." सेनापती म्हणाले, "पायरीने आगळीक केली." घोट्याला मात्र दरबारी रीत ठाऊक नव्हती, तो नारळाएवढा सुजला.

"पाय टेकू नये, हलवू नये, उंचावर ठेवावा," राजवैद्य म्हणाले. "लेप मी लावतो. आणि आधी हे चोळणे थांबवा!"

कारण प्रधानजी सकाळ-संध्याकाळ तो पाय निष्ठेने रगडत होते, आणि निष्ठा जितकी वाढे, तितकी सूज वाढे.

"विश्रांती?" महाराज गरजले. "शेजारचे राजे म्हणतील, रणधवल अंथरुणाला खिळला! आम्ही चालणार!"

ते चालले. सूज वाढली, तिच्याबरोबर राग वाढला, आणि रागाला अपराधी हवा झाला. पायरी घडवणारा म्हातारा लिंबाजी पाथरवट आयताच सापडला.

"आमचा घोटा बरा होईपर्यंत याचे दोन्ही पाय खोड्यात!"

महाराज पाय टेकणे सोडणार नव्हते. म्हणजे घोटा बरा होणार नव्हता. म्हणजे लिंबाजी उरलेले आयुष्य खोड्यातच काढणार होता. हे दरबारात प्रत्येकाला कळत होते, आणि म्हणूनच प्रत्येक जण छताचे नक्षीकाम निरखत होता.

तेवढ्यात लिंबाजीची मुलगी धुरपा पुढे आली. तीही बापाबरोबर छिन्नी चालवणारी.

"महाराज, पायरी सरळ आहे. पाणसळ लावून पाहावी!"

"मग काय आमचे पाऊल वाकडे पडले?"

राजाचे पाऊल वाकडे पडले, या वाक्याचे अर्थ दोन होतात, आणि दोन्ही अर्थांनी बोलणाऱ्याची जीभ जाते.

"छे, महाराज! आपले पाऊल वाकडे पडेलच कसे?"

"पायरी सरळ, पाऊलही सरळ!" महाराज उपहासाने म्हणाले. "मग ऐक, पोरी. तिसरा अपराधी आत्ताच्या आत्ता दाखव. दाखवलास, तर तुझा बाप सुटला आणि तो अपराधी खोड्यात. नाहीतर बापाशेजारी तुझेही पाय! आमचा शब्द फिरत नाही."

"अपराधी इथेच आहे, महाराज. आपल्याच पायाशी लपून बसली आहे."

पायाशी बसलेले प्रधानजी ताडकन उठले.

"तुम्ही नव्हे, प्रधानजी! 'बसली' म्हणाले मी." धुरपाने बोट दाखवले. "ती पाहा, सूज! आज्ञेवाचून राजाच्या पायात शिरली, जागा बळकावली, रोज पसरते आहे. शेजारच्या राजाने आपली एवढी भूमी बळकावली असती, तर आपण सोडले असते?"

"मुळीच नाही!" महाराज उसळले आणि लगेच कळवळले, उसळताना पाय टेकला होता.

"पाहा! भर दरबारात हल्ला!"

"धरा तिला! घाला खोड्यात!" महाराज ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण... ती तर आमच्या पायात आहे."

"तेच तर, महाराज! जिथे सापडली तिथेच तिला जखडायला हवे."

"म्हणजे आम्ही खोड्यात?"

"असे कसे? खोड्यात सूज. महाराज तिच्यावर पहारा देणार! दुसऱ्या कोणाचा भरवसा धरावा? इथे तर अपराधिणीला दोन वेळा चोळून देतात!"

प्रधानजींनी हात पाठीमागे नेले. राजवैद्यांनी उपरण्याने तोंड झाकून खोकून घेतले. "आणि हा बंदी उंच लोडावर ठेवावा, महाराज. पळायला जमीन मिळता कामा नये."

खोडा आला. त्याच्या खाचेत धुरपाने मऊ कापूस भरला. वैद्यांनी आंबेहळदीचा लेप लावला. शब्द फिरत नसल्यामुळे महाराजांनी पाय आपल्या हातांनी खाचेत ठेवला. लिंबाजी सुटला. दवंडी पिटली की महाराज जातीने एका शत्रूवर पहारा देत आहेत. शेजारच्या राजांनी तर अभिनंदनाचे निरोप धाडले!

बंदिवासात सूज खंगत गेली आणि अखेर एका सकाळी घोट्याचे हाड पुन्हा दिसू लागले. महाराज न लंगडता दरबारात आले आणि त्यांनी धुरपाला बोलावले.

"लबाडे! वैद्यांनी सांगितले, तेच तू आम्हाला करायला लावलेस!"

"नाही, महाराज. वैद्यराजांनी विश्रांती सांगितली. मी पहारा सांगितला!"

महाराज खळखळून हसले. "तुझ्या पायांत सोन्याचे तोडे घालतो!"

"पायात अडकवायचे काहीच नको, महाराज! त्या खोड्याचे लाकूड द्या. गडाच्या पायऱ्यांना कठडा करते."

"कठडा? पायरी सरळ आहे ना? आणि आमचे पाऊल?"

"दोन्ही सरळच! पुन्हा एखादी सूज वर चढू लागली, तर तिला अडवायला."

आता महाराज इतके हसले की तोल सावरायला त्यांना प्रधानजींचा खांदा धरावा लागला. त्यांनी लाकूड दिले, आणि तोडेही दिले, पण हातांत घालायचे.

ही कथा सांगताना लोक हटकून म्हणतात, "धुरपाने राजाला खोड्यात घातले." या वाक्यात कर्ताही चुकला आहे आणि कर्मही. घातले ते महाराजांनी, आणि घातली ती सूज. महाराज केवळ तिच्या सोबतीला होते.