भोकांची आरोळी

एका राज्यात कोंबड्यांची दोन आवारं होती, एक जुनं आणि एक नवं. दोन्ही भिंती मुंगसांनी एकाच साच्यावर रचलेल्या. नव्याला फक्त रंग वेगळा, आणि दाण्यांचं कुंड उगाचच डावीकडून मधोमध सरकवलेलं.

मुंगसांची एक रीत होती. भिंतीत भोक सापडलं की बुजवायचं, आणि ते नेमकं कुठे होतं हे टेकाडावर चढून साऱ्या मुलखाला ओरडून सांगायचं. केलेलं काम लोकांना कळायला नको का!

एके दिवशी त्यांनी दवंडी पिटली, "उद्यापासून जुन्या भिंतीची डागडुजी बंद. सगळ्यांनी नव्या आवारात यावं."

कोंबड्या निघाल्या. तुरेराव कोंबडा मात्र दांडीवरून हलला नाही. ती दांडी त्याच्या पायांनी गुळगुळीत झाली होती, आणि इथे त्याला डोळे मिटूनही दाणे सापडत.

"अहो, चला ना," त्याची बायको भुरीबाई कळवळून म्हणाली. तिच्या पंखांखाली कालच अंड्यातून निघालेली पिल्लं होती. "माझा जीव थाऱ्यावर नाही."

"अगं, भिंत कालच्यासारखीच उभी आहे ना? नवं काढायचं नि जुन्याला नावं ठेवायची, धंदाच आहे त्यांचा!"

मग टेकाडावरून रोज आरोळी येऊ लागली. नव्या आवारात कधी कुंडामागे भोक, कधी दारापाशी. तुरेरावाला हसू आवरेना. "बघ तुझं नवं! आणि आपल्याकडे? मुंगसं गेल्यापासून एका भोकाची ओरड नाही!"

टेकाडाखाली बसून कोल्हाही ऐकायचा. नव्या भिंतीपाशी धावत जावं, तर भोक बुजलेलं. बिचारा पार रडकुंडीला आला. शेवटी एकदा त्याने दोन्ही भिंतींकडे नीट पाहिलं आणि कपाळावर पंजा मारून घेतला.

त्या संध्याकाळी आरोळी आली, "मोरीच्या डाव्या अंगाला वीट सैल होती, बसवली!"

भुरीबाईने वळून आपल्या मोरीकडे पाहिलं. तिथलीही डावीकडची वीट तशीच सैल होती. "तुम्ही या सावकाश," एवढंच म्हणून तिने पिल्लांना पुढे घातलं आणि नव्या आवाराची वाट धरली.

"भित्री कुठली!" तुरेराव दांडीवर छाती फुगवून आरवला, "आमच्याकडे एका भोकाची ओरड नाही!"

"अगदी खरंय, तुरेराव," मोरीच्या डाव्या अंगाने कुणीतरी अदबीने म्हणालं.