खडपावरची जाळी

गावांना नावं होती पण ती कुणी लिहून ठेवत नसे, त्या फार जुन्या काळी एका खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक गाव होतं. गावापुढे, ओहोटी लागली की उघडा पडणारा काळ्या खडकांचा एक पट्टा होता. त्याला सारे खडप म्हणत. खडपाच्या कपारींत मासळी अंडी घालायची, पिल्लं तिथंच वाढायची आणि मोठी होऊन दर्यात जायची. गावाचं पोट त्या खडपावर होतं, पण गावाच्या ते ध्यानात नव्हतं.

त्या गावात ठकूबाय नावाची एक बाई राहायची. ओहोटीला हातात कोयती घेऊन ती खडपावर जाई आणि खडकाला चिकटलेली कालवं काढी. तिचा नवरा हरबा फाटकी जाळी विणून द्यायचा.

पुढे असं झालं, की दर्या भरभरून देऊ लागला आणि लोकांना जाळ्यांचं मोल वाटेनासं झालं. जाळं खडकात अडकलं, की सोडवत कोण बसणार? दोर कापायचा आणि निघायचं. तुटके दोर, फुटक्या टोपल्या, मोडके गळ, सगळं तिथंच पाण्यात जायचं.

पण जाळं टाकून दिलं, म्हणून त्याचं पकडणं थांबत नाही. एक मासा अडके आणि मरे. त्याला खायला खेकडे येत, तेही अडकत. त्यांच्यामागे आणखी कुणी. घरी कुणीच नेणार नव्हतं, तरी ते जाळं दिवसरात्र मारत राही.

ठकूबायला हे बघवेना. एका ओहोटीला तिनं कालवं बाजूला ठेवली आणि एक जाळं कापून, ओढत किनाऱ्यावर आणलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. मग ते रोजचंच झालं.

गावाला मोठं कौतुक वाटलं. समुद्राच्या पूजेला गावचा म्होरक्या असलेल्या नाखव्यानं तिला सगळ्यांसमोर लुगडं दिलं, नारळ दिला. म्हणाला, "अशी बाय गावोगावी हवी!"

आणि त्या दिवसापासून खडपावर जास्त जाळी पडू लागली. आधी टाकताना एखाद्याचा हात तरी अडखळे. आता जो तो म्हणे, "टाक रे, ठकूबाय आहे ना!" हरबाकडे विणायला येणारी जाळीही थांबली. तो दारात रिकामा बसून राही आणि संध्याकाळी बायकोच्या खांद्याला कोमट तेल चोळी.

"किती राहिली?" तो विचारी.

"कालच्यापेक्षा जास्त," ती म्हणे. याहून जास्त बोलायचं त्राण तिच्यात नसे.

अशी सहा वर्षं गेली. एका सकाळी ती गुडघाभर पाण्यात एक जड जाळं ओढत होती. शेजारून नाखव्याची होडी चालली होती. होडीतून कापलेल्या जाळ्याचा एक गुंता तिच्यापुढ्यात येऊन पडला.

"एवढं काढशील गं, ठकूबाय!" नाखवा हसत म्हणाला आणि होडी पुढे गेली.

ती ते काढायला वाकली, तेवढ्यात दोराचा फास तिच्या पायाला बसला. भरती लागली होती. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. तिनं जिवाच्या आकांतानं दोराला हिसडा दिला, तसा उजवा खांदा निखळला. शेवटी डाव्या हातानं कोयती चालवून ती सुटली आणि कशीबशी घरी पोचली.

वैद्यानं खांदा बसवला. दुसऱ्या दिवशी ठकूबाय खडपावर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

आठव्या दिवशी नाखवा आला. "बाय, खडपावर आज आणखी चार जाळी पडलीत."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"नाखवा, मी दमले."

"अगं, गावात तुझं केवढं नाव आहे! यंदा आणखी भारी लुगडं देऊ."

"लुगडं नको. ओहोटीला चार माणसं द्या."

"माणसं कामात आहेत गं," नाखवा म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

ठकूबाय घरात बसून राहिली. बसणंही सोपं नव्हतं. ओहोटीची वेळ झाली, की तिचे पाय आपोआप दाराकडे वळत. मग हरबा नुसता तिच्याकडे बघे आणि ती परत खाली बसे.

वर्षभरात खडपाला घाण सुटली. वारा गावाकडे वळला की लोक नाकाला फडकं लावत. चांगली जाळीही त्या मेलेल्या जाळ्यांत गुंतून फाटू लागली. पुढच्या वर्षी होड्या रिकाम्या येऊ लागल्या. चुली विझल्या, तेव्हा नाखवा पुन्हा ठकूबायच्या दारात उभा राहिला. या वेळी त्याच्या मागे सारं गाव होतं.

"तू म्हणशील ते करतो," तो म्हणाला.

त्याला चार शब्द ऐकवावेत, असं तिच्या मनात आलं. पण तेवढाही जोर उरला नव्हता. "मी जागा दाखवते," ती म्हणाली. "ओढायचं तुम्ही."

तीन महिने, प्रत्येक ओहोटीला, गाव जाळी ओढत होतं. जाळ्यांतून माशांचे सांगाडे निघत होते. पहिल्याच दिवशी नाखव्याचे दोन्ही तळवे दोरानं सोलले. तो खडकावर बसला आणि हातांकडे बघत म्हणाला, "हे तू एकटी करत होतीस? रोज?"

"हो," ठकूबाय म्हणाली.

नाखव्याची मान खाली गेली.

गावानं मग नेम केला, की ज्याचं जाळं अडकेल त्यानंच ते सोडवायचं आणि फाटलं तर हरबाकडे न्यायचं. मासळी लगेच आली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्याही नाही. तिसऱ्या वर्षी कपारींत बोटाएवढी पिल्लं दिसू लागली. ठकूबायचा उजवा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. सारं गाव तिच्याशी हळू आवाजात बोलू लागलं, पण त्यानं हात काही बरा झाला नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: सगळ्यांचं ओझं एकटा ओढणाऱ्याच्या पाठीवर नुसती शाबासकीची थाप देऊ नये, त्याच्या हातातला दोर धरावा, आणि तो दमून बसण्याआधी धरावा.