दारापासून फिरलेला प्याला

प्याला पुढूनच फिरतो. का, ते विचारायचं नाही. फार वर्षांपूर्वी, डोंगराआडच्या एका गावात, मुलं प्रार्थनेच्याही आधी हा नियम शिकत. मुलांनो, ही गोष्ट ऐका. आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांनो, तुम्हीही ऐका.

त्या गावात ख्रिस्ती लोकांची एक लहान मंडळी होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायच्या दिवशी पाळक मनुकांचा रस एका प्याल्यात ओतत. प्याला एकदाच भरायचा, पुन्हा नाही. आधी मंडळीचा कारभार पाहणारे पंच पीत, मग त्यांचे मुलगे, मग बाकीचे. मंडळी वाढत गेली, प्याला तेवढाच राहिला. पंचांचे घोट मात्र लांबत गेले. दाराजवळच्या सतरंजीपर्यंत प्याला कोरडाच पोचायचा.

तिथे टोपल्या विणणारी एक म्हातारी बसायची. बाप्तिस्मा घेतल्यापासून तिने रसाची चव पाहिली नव्हती. कोरड्या काठाला ओठ लावून ती डोळे मिटायची. आता तर चार पावलं चाललं तरी तिला धाप लागे.

"डोळे मिटायच्या आधी एक घोट मिळेल का गं?" तिने मुलांना शास्त्र शिकवणाऱ्या तरुणीला विचारलं.

तरुणी तडक पंचांकडे गेली.

"भाव असला की पुरे, पोरी," थोरले पंच म्हणाले. "रसात काय आहे?"

"मग तुम्ही भावावर भागवा, काका. रस तिला द्या."

"जीभ बघा हिची!" दुसरे पंच म्हणाले. पण मुलं तिचंच ऐकत आणि आयाही तिच्याच बाजूच्या. शेवटी पंचांनी युक्ती काढली. "हिलाच पंच करू. पुढे बसली की गप्प होईल."

पुढच्या प्रभुभोजनाला पाळकांनी भरलेला प्याला नव्या पंचाच्या, म्हणजे तिच्या हाती दिला. थोरले पंच मिशा पुसून तयार होते. ती त्यांच्यासमोरून गेली, थांबली नाही. थेट दारापाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने प्याला म्हातारीच्या ओठांना लावला.

"गोड आहे गं," म्हातारी म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं.

थोरले पंच ताडकन उठले, त्यांच्यामागोमाग बाकीचे पंचही. "प्याला पुढे आण! नाहीतर आजच तुझं पंचपद गेलं."

"जाऊ दे," ती ताठ मानेने म्हणाली. "या लोकांच्या आधी पिण्यासाठी ते पद असेल, तर मला नकोच. प्याला इथूनच फिरेल."

थोरल्या पंचांनी पाळकांकडे पाहिलं. पाळक आपली जागा सोडून मागच्या सतरंजीवर येऊन बसले होते. मग एकेक पंच मुकाट्याने खाली बसला.

त्या मंडळीत आजही पंच शेवटी पितात.

ज्याच्या हाती मंडळी सोपवली, त्याने आपला घोट शेवटी घ्यावा.