दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे

एकदा एक वृद्ध गुरू आपल्या जुन्या शिष्याच्या खोलीवर गेले. संगणकाचे प्रोग्रॅम लिहायला त्यांनीच त्याला शिकवलं होतं. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर शिष्य, दुसरीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग. गुरू खाटेवर टेकले.

त्या खुर्चीवर पूर्वी यमुना बसायची. शिष्याबरोबरच शिकलेली, पण तोंडाची तिखट. ओळीओळीला खोट काढायची. मग एआय आलं. ते मागेल तो प्रोग्रॅम लिहून द्यायचं, चिडायचं नाही, हसायचं नाही. शिष्याने यमुनाला बोलावणं सोडलं. आता दिवस मावळला तरी आज आपण कुणाशी बोललो का, हे त्याला आठवत नसे.

"गुरुजी, एआयने लिहिलेला हा प्रोग्रॅम उद्या दवाखान्यात सुरू होणार," तो म्हणाला. "लशीची तारीख आली की बाळाच्या आईला मेसेज जाईल. तुम्ही फक्त हो म्हणा."

गुरूंनी प्रोग्रॅम पाहिलाच नाही. त्यांनी एआयला लिहिलं, 'हा बरोबर आहे ना?' उत्तर आलं, 'हो, अगदी बरोबर आहे.' मग त्यांनी लिहिलं, 'मला तर हा चुकलेला वाटतो.' उत्तर आलं, 'तुमचं खरं आहे, क्षमा असावी.'

शिष्याचा चेहरा उतरला. "मग खरं काय, गुरुजी?"

"मला ठाऊक नाही. ते हुशार आहे बाळा, त्याला नावं ठेवू नकोस. पण तू देवाला कौल लावतोस आणि उजवाच दे असंही सांगतोस. एआयचं कुठलं लेकरू त्या दवाखान्यात जायचंय? ज्याला काळजी असते तो वाद घालतो. तसं एक माणूस होतं, ते तू उठवून लावलंस. म्हणून ही खोली अशी खायला उठते."

शिष्याने फोन लावला.

"कोण गेलं?" पलीकडून यमुनाने विचारलं. "त्याशिवाय तुला माझी आठवण यायची नाही."

"कुणी नाही गं. चूक काढायला येतेस का?"

ती आली. पाणीसुद्धा न पिता उभ्यानेच वाचू लागली.

"बाळाला ताप आला, आईने डोस उशिरा दिला. मग पुढची तारीख?"

"जन्मतारखेवरून धरलीय."

"आणि दोन डोसांत महिनाभर अंतर लागतं ते? आज एक टोचायचा, चार दिवसांनी लगेच दुसरा? आणि ती बिचारी तुझा मेसेज वाचून लेकराला घेऊन पळत येणार."

हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. वेळेवर आलेलीच बाळं त्याने तपासली होती. त्याने दवाखान्याला फोन करून सांगितलं, उद्या सुरू करू नका.

"आता मी काय उभीच राहू?" यमुना म्हणाली.

गुरू हळूच उठून चपला घालू लागले. शिष्याने खुर्चीवरचे कपडे दोन्ही हातांनी उचलले आणि खाटेवर ठेवले.