गोदूमावशीचे नाक

एकदा एका बाजाराच्या गावी दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक म्हातारा राहत असे. शाळा त्याने चौथीतच सोडली होती. पण गावातल्या बहुतेक दुकानांच्या कपाळावरचे अक्षर त्याच्याच हातचे होते. आता छापील फलकांचे दिवस आले होते, त्यामुळे काम बेताचे असे. लहानथोर सगळे त्याला आबा म्हणत. आबा बोलायचे कमी, आणि बोलले तरी इतके सावकाश, की ऐकणाऱ्याचा चहा निवून जाई.

त्यांच्याकडे सुकन्या नावाची एक मुलगी शिकायला येत असे. तिची आई पिठाची गिरणी चालवत होती. दळण घेऊन आलेल्या बायका नंबर लागेपर्यंत बसून राहत, आणि सुकन्या लहानपणी पीठ सांडलेल्या फरशीवर बोटाने त्यांची तोंडे काढत बसे. पुढे ती आबांच्या हाताखाली आली. ब्रश कसा धरावा, लांब रेघ ओढताना श्वास कुठे सोडावा, हे त्यांनी तिला शिकवले. बारावी झाल्यावर ती म्हणाली, "आबा, मला चित्रकलेची पदवी घ्यायची आहे. विद्यापीठात जाऊन."

आबांना विद्यापीठ ठाऊक नव्हते, पण मुलीचा हात ठाऊक होता. ते म्हणाले, "जा."

जाणे इतके सोपे नव्हते. तीन विद्यापीठांत अर्ज करायचे होते. प्रत्येकाला बारा चित्रांचा संच हवा होता. आधी चित्रांचे फोटो पाठवायचे. ते पसंत पडले तर मुलाखतीचे बोलावणे येणार, आणि मुलाखतीला मूळ चित्रे घेऊन जायची. आईने तिला एवढेच बजावले होते, "हे एक वर्ष तुझं. यंदा झालं तर झालं. नाहीतर पुढच्या वर्षी मुकाट्यानं नर्सिंगला जायचं. माझी कंबर काही जन्मभर ही गिरणी ओढणार नाही."

सुकन्या चार महिने बुधवारच्या बाजारात बसली आणि तिने बारा माणसांची बारा चित्रे काढली. त्यांत सायकली दुरुस्त करणारे इस्माईलचाचा होते, हिरामण हमाल होता, आणि बांगड्या भरणारी गोदूमावशी होती. गिऱ्हाईक सांभाळता सांभाळता ही माणसे तिच्यासमोर मान न हलवता बसली. गोदूमावशीला लहानपणी विहिरीच्या रहाटाचा दांडा लागला होता, तेव्हापासून तिचे नाक डावीकडे वाकलेले. उन्हात त्या नाकाची सावली गालावर पडे, आणि सुकन्याने नेमकी तीच धरली होती. ते चित्र पाहून आबा बराच वेळ गप्प राहिले होते. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती.

फोटो गेले, अर्ज गेले, आणि मग वाट पाहणे उरले.

पहिले काही दिवस बरे गेले. पुढे मात्र सुकन्याला झोपताना, जेवताना, दळण चाळतानाही ते अनोळखी परीक्षक दिसू लागले. ते आपल्या चित्रांवर वाकले आहेत आणि एकमेकांकडे बघून हसत आहेत, असे तिला वाटे. नवे चित्र काढायला हात धजेना. मग तिने जुन्या चित्रांची पेटी उघडली आणि आबांच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून ती चित्रे सुधारू लागली.

आबांनी दोन-तीन दिवस पाहिले. चौथ्या दिवशी ब्रश बाजूला ठेवून ते जवळ आले.

"काय करतेस?"

"नीट करते आहे."

"फोटो गेले ना?"

"गेले. पण मुलाखतीला हीच चित्रं न्यायची आहेत ना. तिथं समोर ठेवल्यावर चूक दिसायला नको."

आबांनी डोळ्यांवर चष्मा चढवला. "गोदूचं नाक सरळ केलंस."

"आबा, मावशीचं नाक वाकडं आहे हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. तिथल्या मोठ्या लोकांना काय ठाऊक? ते म्हणतील, पोरीला साधं नाक काढता येत नाही आणि निघाली पदवी घ्यायला."

तिने पुन्हा खोडरबर चालवले. चार दिवस खोडून खोडून कागद तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता. तो फाटला. नाकपुडीच्या जागी हरभऱ्याएवढे भोक पडले.

सुकन्या क्षणभर त्या भोकाकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि घाईघाईने खालचे चित्र ओढले. ते इस्माईलचाचांचे होते. त्यांच्या अंगठ्याचे नख हातोडी लागून काळे पडलेले. आता तिला तो रंगाचा डाग वाटू लागला होता. तिने पुन्हा खोडरबर उचलले.

तेव्हा आबांनी तिच्या हातातून चित्र काढून घेतले, पेटीत ठेवले, पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि म्हणाले, "चल. आज बुधवार आहे."

तिला वाटले, आबा तिला मोकळ्या हवेत नेत आहेत. पण बाजारात शिरताच ते इस्माईलचाचांच्या टपरीपाशी थांबले, पेटीतून त्यांचे चित्र बाहेर काढले आणि त्यांच्या हातात दिले. "तुझं आहे. ठेव."

"आबा!" सुकन्या ओरडली. "बोलावणं आलं तर?"

आबांनी चाचांकडे बोट दाखवले. चाचांनी तेलकट हात चिंधीला पुसले, मग लुंगीला पुसले, आणि मग चित्र धरले. खूप वेळाने त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्यावरून उतरवले व तिथे चित्र टांगून पाहिले. "कॅलेंडरपेक्षा बरं आहे, बेटा. हे दर महिन्याला तोंड बदलणार नाही."

हिरामण हमालाने पाठीवरचे पोते टेकवून चित्र पाहिले आणि शेजारच्याला बोलावले. "बघ रे. आधार कार्डावर मी चोर दिसतो. हिनं माणूस काढलाय."

"आधार कार्डच खरं असंल," शेजारी म्हणाला, आणि दोघेही हसले. पण हिरामणने चित्र पोत्याच्या गोणपाटावर ठेवले नाही. डोक्याचा पटका सोडून त्याने ते त्यात गुंडाळले.

असे करत अकरा चित्रे गेली. शेवटी गोदूमावशी उरली. सुकन्या मागे मागे राहू लागली, तेव्हा आबांनी ते चित्र तिच्याच हातात दिले. तिने मान खाली घालून ते पुढे केले.

"अगं बया! माझं नाक कुठं गेलं?"

"मावशी, मी ते नीट करायला गेले. फाटलं."

"सरळ कराया निघालीस व्हय? चाळीस वर्सं नवऱ्यानं नावं ठेवली, त्याला न्हाई झालं सरळ. तू चार दिसांत करतीस?" मावशी एवढ्या मोठ्याने हसली, की पुढ्यातल्या बांगड्या किणकिणल्या. मग तिने चित्र मांडीवर घेतले, भोकावरून बोट फिरवले, आणि रडवेल्या मुलीकडे पाहून तिचा आवाज एकदम खाली आला. "आता गं, रडायला काय झालं? बाईच्या नाकाला भोक असायचंच." असे म्हणून तिने आपल्या नाकातली चमकी फिरवून काढली, कागदाच्या भोकात घातली आणि मागून फिरकी लावली. "हां. आता झालं माझं चित्र."

परत येताना दोघे रसवंतीच्या बाकावर बसले. सुकन्याने रसाला हात लावला नाही. "चार महिन्यांची मेहनत तुम्ही एका दुपारी वाटून टाकलीत," ती म्हणाली. "का, ते तरी सांगा."

आबांनी आपला पेला संपवला आणि मग सावकाश बोलू लागले.

"आमच्या धंद्यात एक नेम आहे. रंग वाळला, की पाटी आपल्याकडे ठेवायची नाही. ज्याची त्याच्या दाराला लावून यायची. मी एकदा तो मोडला. एका कापडवाल्याचा मुहूर्त दहा दिवस लांबला, पाटी माझ्याकडेच राहिली. येता-जाता वाटायचं, हा काना जरा बारीक आहे, ती वेलांटी जरा आखूड आहे. रोज थोडं थोडं नीट केलं. मुहूर्ताला पाटी वर चढवली, तर अक्षरं इतकी माजली होती, की एकमेकांच्या अंगावर बसलेली. कुणाला वाचता येईना. पहिल्या दिवशी ती चांगली होती, पोरी. मीच भ्यालो होतो."

थोडे थांबून ते म्हणाले, "तुझी चित्रं तुझ्यापासून वाचवायची होती. बोलावणं आलं तर ज्याच्या त्याच्याकडून मागून आण, माणसं देतील. नाही आलं तर ती योग्य घरी आहेतच. आणि आणखी एक. यादीत नाव लागलं असतं तर तू पेढे घेऊन बाजारात आली असतीस. पेढे यादीचे असतात, माणसांचे नव्हे. नाव लागलं नसतं तर तोंड चुकवून दुसऱ्या रस्त्यानं गेली असतीस. दोन्हीकडून, ही माणसं तुझ्यासाठी उन्हात बसली, ते सांगायचं राहूनच गेलं असतं. तुला वाट बघायचीच आहे ना? मग त्या वेळात हे काम होऊन जाऊ दे."

सुकन्याला सगळे पटले असे नाही. पण पुढच्या बुधवारी ती कोरे कागद घेऊन बाजारात गेली. जिथे जाईल तिथे कुणीतरी म्हणे, "ये, बस. आज माझं काढ." हात पुन्हा चालू लागला.

महिन्याभरात एका विद्यापीठाचा नकार आला. आठवड्याने दुसऱ्याचाही आला. त्या दिवशी ती गिरणीच्या मागे बसून पोटभर रडली, आणि आईनेही नर्सिंगचा विषय काढला नाही. मग तिसऱ्याचे बोलावणे आले: शनिवारी मुलाखत, मूळ चित्रे सोबत आणावीत.

ती चित्रे मागायला निघाली तेव्हा तिला संकोच वाटत होता. दिलेले परत कसे मागायचे? पण चाचांनी चित्र पुठ्ठ्यात घालून, सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून तयारच ठेवले होते. हिरामणच्या बायकोने चित्राबरोबर वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. गोदूमावशीने चित्र दिले, चमकीसकट.

"मावशी, चमकी तरी काढून घ्या. सोन्याची आहे."

"म्हणून तर म्हंती, परत आण. आन् त्यास्नी सांग, बाई खरी हाय."

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघे बसले होते. मधल्या वयस्कर प्राध्यापिका एका हाताने फोटो आणि दुसऱ्या हाताने चित्र पाहत होत्या. गोदूमावशीपाशी त्या थांबल्या.

"फोटोत नाक वाकडं आहे. इथं सरळ. आणि हे काय लावलं आहे?"

सुकन्याने वाटेत तीन-चार उत्तरे जुळवून ठेवली होती. ती सगळी तिने सोडून दिली. ती म्हणाली, "फोटोतलं खरं आहे, मॅडम. अर्ज पाठवल्यावर मला भीती वाटली, तुम्ही हसाल म्हणून. सरळ करता करता कागद फाटला. भोक माझं आहे. चमकी त्यांची आहे."

"त्यांनी ती तुमच्या भरवशावर दिली?"

"हो. परत न्यायची आहे."

बाईंनी चित्र दोन्ही हातांनी उचलून तिला दिले. "मग जपून न्या," एवढेच त्या म्हणाल्या.

यादी लागायला आणखी तीन आठवडे होते. पण या वेळी आबांना काही सांगावे लागले नाही. सुकन्या गावी उतरली आणि पहिल्याच बुधवारी बारा चित्रे बारा घरी पोहोचवून आली. कुणी विचारले, "झालं का गं काम?" तर ती म्हणे, "अजून नाही. तुमचं चित्र द्यायला आले आहे." हे वाक्य पहिल्यांदा म्हणताना तिला जड गेले. बाराव्यांदा म्हणताना तिच्या लक्षात आले, की छातीवरचे ओझे कुठेतरी वाटेतच उतरले आहे.

पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. दुसऱ्या यादीत, शेवटून दुसरे, ते लागले.

ती धावत आली तेव्हा आबा शिडीवर चढून एका दवाखान्याची पाटी रंगवत होते. ती खालूनच म्हणाली, "आबा, लागलं! आता तुमचे आणि सगळ्यांचे आभार कसे मानू?"

आबांनी हातातले अक्षर पुरे केले आणि मग खाली पाहिले. "ते तू केव्हाच मानलेस. आज नुसती बातमी आहे. चांगली आहे. आईला सांगितलीस?"

"आधी तिलाच सांगितली."

"मग झालं," म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा पाटीकडे वळला.

सुकन्या शिडी धरून उभी राहिली. आपण तीन महिने कुणाच्या उत्तराची वाट पाहत होतो आणि त्या काळात उत्तर न मागता कोण कोण आपल्याला काय काय देत होते, हे तिला तेव्हा नीट दिसले.

निर्णय देणारे दूर असतात आणि त्यांना वेळ लागतो; ज्यांच्या आधाराने आपण अर्ज करू शकलो, ती माणसे मात्र जवळच बसलेली असतात.